कट, कबाल आणि कबूल : इंग्रजीतील कपटाच्या शब्दांविषयी

गेल्या पावसाळ्यात एक तरुण शिक्षक मित्र एका इंग्रजी कथेचा अनुवाद घेऊन आमच्याकडे आले. कथा तशी साधीच होती. एका राजाचा खून होतो आणि संशय एकामागून एक साऱ्या दरबारावरून फिरतो. अनुवाद चांगला उतरला होता, पण तीन शब्दांपाशी आम्ही अडलो. मूळ इंग्रजीत 'असॅसिन' होता, त्याला त्यांनी 'मारेकरी' म्हटले होते. 'कबाल'ला 'कारस्थानी टोळके' म्हटले होते, आणि 'थग'ला 'गुंड'. "सर, शब्द बरोबर आहेत ना?" त्यांनी विचारले. शब्दकोशाप्रमाणे तिन्ही बरोबर होते. तरीही आम्हाला लगेच हो म्हणवेना. यातला पहिला शब्द अरबी मुलखातून युरोपात गेला, दुसरा हिब्रूतून आणि तिसरा आपल्याच मातीतून. इंग्रजीत पोहोचेपर्यंत तिघांच्याही माथी गुन्हा लागला. आणि आता मराठीत परतताना तो गुन्हा तेवढा राहिला, प्रवास मात्र पुसला गेला.

त्या दिवशी मित्राला आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करावे म्हणून हा लेख.

गुप्त बेत, कपट आणि फसवणूक यांसाठी प्रत्येक भाषेत शब्दांचा मोठा साठा असतो. इंग्रजीत तो विशेष मोठा आहे, कारण ती भाषा अनेक मुलखांत फिरली आणि फिरता फिरता शब्द गोळा करत गेली. हा साठा नीट तपासला तर त्यात दोन कप्पे दिसतात. एका कप्प्यात कृतीवरून बनलेले शब्द आहेत: कोणी काय केले ते सांगणारे. दुसऱ्या कप्प्यात लोकांवरून बनलेले शब्द आहेत: असे करतात ते अमुक जमातीचे, अमुक पंथाचे, असे सांगणारे. आमचे म्हणणे एवढेच आहे की साहित्याच्या अभ्यासकाने हे दोन कप्पे वेगळे ओळखले पाहिजेत. दुसऱ्या कप्प्यातला शब्द उचलताना लेखकाने क्षणभर थांबले पाहिजे. आणि हा नियम फक्त इतरांच्या लेखणीला लावून चालणार नाही, आपल्याही लेखणीला लावला पाहिजे.

घरचे शब्द

आधी पहिला कप्पा पाहू. 'कॉन्स्पिरसी' हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ 'एकत्र श्वास घेणे' असा आहे. चार माणसे डोकी जवळ आणून कुजबुजत आहेत, एकाचा श्वास दुसऱ्याच्या गालाला लागतो आहे, असे चित्र त्यात आहे. 'कोल्यूजन' म्हणजे 'एकत्र खेळणे'. 'हूडविंक' म्हणजे डोळ्यांवर कापड ओढणे. 'इन्व्हीगल'च्या मुळाशी आंधळे करणे हा अर्थ आहे. या शब्दांत कोणत्याही जातीचे वा धर्माचे नाव नाही. डोळे कोणीही बांधू शकतो.

'प्लॉट' हा शब्द तर आपण रोज वापरतो. गावाबाहेर प्लॉट घेतला म्हणतो आणि कादंबरीचा प्लॉट चांगला आहे असेही म्हणतो. इंग्रजीत मूळ अर्थ जमिनीचा तुकडा हाच होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला गुप्त कटाचा अर्थ जडला. १६०५ साली पार्लमेंट उडवून देण्याचा बेत उघड झाला, त्यालाही 'गनपावडर प्लॉट' असेच म्हणतात. पुढे कथानकालाही हाच शब्द लागला. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ च्या आपल्या कादंबरीविषयक ग्रंथात कथा आणि कथानक यांत भेद केला. नुसते घटनांमागून घटना सांगणे वेगळे, आणि एका घटनेमुळे दुसरी घडली असे दाखवणे वेगळे. कार्यकारणाची ही ओढ कादंबरीला उपकारक असते. मात्र व्यवहारात तीच ओढ बेलगाम झाली की माणूस प्रत्येक घटनेमागे एक लपलेला लेखक शोधू लागतो. १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसाने लंडनमध्ये असेच एक कथानक रचले. कॅथलिक लोक राजाला मारणार आहेत, असे ते कथानक होते. कट नव्हताच. पण 'पोपिश प्लॉट' या नावाखाली अनेक निरपराध कॅथलिक फासावर गेले. १६८५ मध्ये ओट्सला खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली, पण गेलेले जीव परत आले नाहीत. येथे शब्दाआधी लागलेले एक विशेषण किती काम करते ते पाहावे. 'प्लॉट' कृतीचा शब्द होता. 'पोपिश' लागताच तो जमातीचा झाला.

या कप्प्यातला आमच्या मते सर्वांत बोलका शब्द 'चीट'. आज शाळेतले मूलही तो वापरते. तो निघाला 'एस्चीट' या सरंजामी कायद्याच्या शब्दातून. वारस नसलेल्या माणसाची जमीन धन्याकडे वा राजाकडे परत जाई, तिला 'एस्चीट' म्हणत. हे काम पाहणारे राजाचे अधिकारी लोकांच्या जमिनी इतक्या लबाडीने गिळत की त्यांच्या कामाचे नावच फसवणुकीचे नाव झाले. इंग्रज रयतेने आपल्या राजाच्या कारकुनांना दिलेला हा शिक्का आहे, आणि तो प्रामाणिक आहे.

पण हेच राज्य आपल्याकडे आले तेव्हा काय झाले? १८४८ मध्ये सातारचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब औरस वारसाविना वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला होता, तो कंपनी सरकारने मानला नाही आणि राज्य ताब्यात घेतले. १८५४ मध्ये नागपूरची तीच गत झाली. ज्या कृतीला इंग्रजांनी आपल्या घरी 'चीट' हा शब्द दिला, जवळजवळ त्याच कृतीला येथे 'लॅप्स'चा सिद्धांत असे सभ्य नाव मिळाले, जणू एखादी मुदत आपसूक संपली! आणि आपल्या मराठीने त्याला शब्द दिला 'खालसा करणे'. हा शब्द अरबी 'खालिस' पासूनचा. त्याचा अर्थ शुद्ध, निर्भेळ. फसवणूक सत्ता करते तेव्हा तिला शुद्धतेचे नाव मिळते. हे आपण विसरू नये, कारण पुढचा सारा विचार यावरच उभा आहे.

अलमूतचे लोक

आता दुसरा कप्पा. 'असॅसिन' हा शब्द अरबी 'हशीशी' पासून आला, हे आता बहुतेक साऱ्या कोशांत सापडते. निजारी इस्माइली पंथाचे हसन-ए-सब्बाह यांनी १०९० मध्ये इराणच्या डोंगरातला अलमूतचा किल्ला घेतला. १२५६ मध्ये मंगोलांनी तो उद्ध्वस्त करेपर्यंत हा छोटा पंथ प्रबळ शत्रूंच्या गराड्यात टिकून राहिला. मोठे सैन्य नसल्यामुळे त्यांनी शत्रूच्या प्रमुखांना निवडून मारण्याचा मार्ग धरला. १०९२ मध्ये सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्क आणि ११९२ मध्ये टायर शहरात कॉनराड हा ख्रिस्ती सरदार यांचे खून त्यांच्या नावावर आहेत. हे खून झालेच नाहीत असे आम्ही म्हणत नाही. मुद्दा नावाचा आहे.

'हशीशी' हे नाव त्यांनी स्वतःला दिलेले नव्हते. ते त्यांच्या मुसलमान विरोधकांनी दिले होते, आणि ते देताना तुच्छतेने, हलकट लोक अशा अर्थाने दिले होते. क्रुसेडला आलेल्या युरोपियनांनी सीरियात ही शिवी ऐकली आणि तिचा शब्दशः अर्थ लावला. मग त्यावर कथा चढल्या. डोंगरावरचा म्हातारा, गुप्त बाग, नशेत दाखवलेला स्वर्ग, ही सारी सजावट मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाने घरोघर पोहोचवली. १८०९ मध्ये पॅरिसचे पंडित सिल्व्हेस्त्र द सासी यांनी शब्दाची व्युत्पत्ती सिद्ध केली, पण नशेची कथाही काही अंशी धरून ठेवली. फरहाद दफ्तरी यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात या दंतकथा एकेक करून उकलल्या आहेत. नशा करून खून केल्याचा पुरावा इस्माइली ग्रंथांत तर नाहीच, त्यांच्या विरोधी मुसलमान इतिहासकारांच्या गंभीर लेखनातही नाही.

येथे आपल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही शिवी युरोपने बनवलेली नाही. ती आपल्याच घरात, एका मुसलमान गटाने दुसऱ्या मुसलमान गटाला दिली, आणि युरोपने ती फक्त उचलली. परक्यांच्या शब्दांबद्दल तक्रार करताना हे आधी सांगितले पाहिजे.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आगाखान खटला चालला. खोजा जमातीच्या मालमत्तेचा वाद होता, पण त्या निमित्ताने न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांना इस्माइली पंथाचा सारा इतिहास पाहावा लागला. त्यांनी आगाखानांचा वंशसंबंध अलमूतच्या इमामांशी असल्याचे मान्य केले. पहिले आगाखान १८८१ मध्ये वारले. माझगावच्या हसनाबादमध्ये त्यांची कबर आहे. ज्यांच्या पूर्वजांचे नाव इंग्रजीत खुन्याला मिळाले, ते लोक मुंबईत व्यापार करत, शाळा आणि दवाखाने चालवत राहिले. शब्द मात्र अलमूतच्या डोंगरातच अडकून पडला.

ठगाची कबुली

तिसरा शब्द आपला स्वतःचा. संस्कृतातल्या 'स्थग्' म्हणजे झाकणे या धातूपासून 'ठग' आणि 'ठक' आले. मराठीत 'ठकवणे' यात खुनाचा वास नाही. बाजारात भाजीवालीने ठकवले असे आपण हसत सांगतो. 'ठकास महाठक' म्हणताना महाठकाचे थोडे कौतुकच असते. हा शब्द इंग्रजीत गेला तो १८३० च्या दशकात, आणि गेला तो दोन पुस्तकांच्या पाठीवर बसून.

पहिले पुस्तक विल्यम स्लीमन यांचे 'रामसियाना', कलकत्ता, १८३६. ठगांच्या गुप्त बोलीचा हा संग्रह. एका सरकारी अधिकाऱ्याने कटाची भाषा शब्दशः कोशात बसवावी, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला चक्रावून टाकणारी आहे. पण या कोशाचे माहितगार कोण होते? पकडलेले ठग, म्हणजे माफीचे साक्षीदार. ज्याचा जीव साहेबाच्या मर्जीवर टांगलेला आहे त्याने सांगितलेले शब्द. त्याच वर्षी १८३६ चा तिसावा कायदा आला. एखादा माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. त्याने नेमका कोणता गुन्हा केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कृतीचा कप्पा सोडून कायदा येथे जमातीच्या कप्प्यात शिरला. आणखी एक योग असा की याच्या आदल्याच वर्षी, १८३५ मध्ये, योसेफ फॉन हॅमर यांच्या १८१८ च्या 'असॅसिनांच्या इतिहासा'चे इंग्रजी भाषांतर लंडनला निघाले होते. पूर्वेकडचे गुप्त खुनी पंथ हा विषय इंग्रज वाचकाच्या हाताशी तयारच होता.

दुसरे पुस्तक फिलिप मेडोज टेलर यांची १८३९ ची कादंबरी, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. टेलर आपल्याला परके नाहीत. १८२४ मध्ये पंधरा वर्षांचे असताना ते मुंबईत उतरले, निजामाच्या चाकरीत गेले, १८५३ नंतर नळदुर्गला प्रशासक होते. तुळजापूर, विजापूर आणि अफजलखान यांच्यावर त्यांनी १८६३ मध्ये 'तारा' ही कादंबरी लिहिली. दख्खनचे रस्ते, सराया, बाजार आणि माणसांची बोलण्याची ढब त्यांना मनापासून ठाऊक होती. म्हणूनच ही कादंबरी नुसती सरकारी कागद वाटत नाही. तिचा निवेदक अमीर अली हा मुसलमान ठग आहे. ठगांनी त्याच्या आईबापांना मारले आणि त्यांच्याच टोळीतल्या इस्माइलने त्याला मुलासारखे वाढवले. तो देखणा आहे, गोड बोलतो, नमाज पढतो आणि भवानीचा कौलही घेतो. आपल्या ७१९ खुनांचा हिशेब तो तुरुंगात बसून साहेबाला सांगतो, आणि मध्ये कैद झाली नसती तर हजार भरले असते अशी हळहळही व्यक्त करतो.

कादंबरी म्हणून तिचे बळ आम्ही मान्य करतो. वाचता वाचता अमीर अली आवडू लागतो आणि वाचक स्वतःवरच दचकतो. अजाणता आपण आपल्या सख्ख्या बहिणीचा खून केला हे त्याला उमगते, तो भाग आजही अंगावर येतो. तेथे लेखक सरकारी कोशाच्या पलीकडे गेला आहे. फसवणारा शेवटी आपल्याच जाळ्यात सापडला, असे कथानक त्याने कृतीच्या कप्प्यातून काढले आहे.

तरी तिची मोठी त्रुटी तिच्या नावातच आहे. कबुली कोणापुढे दिली जाते? साहेबापुढे. साहेब फार बोलत नाही. तो ऐकतो, मधूनच धिक्कार करतो आणि लिहून घेतो. त्याच्या स्वतःच्या राज्याची कबुली कोणी घेत नाही. त्याच दशकांत साऱ्या मुलखात फौजा मोडल्या होत्या, हातातली तलवार गेलेले हजारो शिपाई रस्त्यावर आले होते, शेतसारा वाढला होता. रस्ते असुरक्षित का झाले याची ही कारणे कादंबरीच्या काठावर दिसतात, मध्ये येत नाहीत. मध्ये येते ते रक्त, वारसा आणि देवीचा कौल. किम वॅग्नर यांच्या २००७ च्या संशोधनाने हे उलगडून दाखवले आहे. रस्त्यावर वाटसरूंना विश्वासात घेऊन लुटणारे आणि गळा आवळणारे लोक खरोखर होते, पण साऱ्या हिंदुस्थानभर पसरलेला एकच धर्मवेडा पंथ ही मांडणी सरकारी कागदांनी वाढवलेली आहे.

शब्दाचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. 'थग'मधले ठकवणे गेले आणि नुसता दांडगेपणा उरला. अमेरिकेत हा शब्द काळ्या तरुणांवर फेकला जातो. आणि आपल्याकडे? जमातीला गुन्हेगार ठरवण्याची ती रीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली. पारधी, कैकाडी, उचल्या अशा कितीतरी जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या, पण गावाच्या डोळ्यांतला संशय तसाच राहिला. या संशयाला मराठीतले सर्वांत धीट उत्तर लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये दिले. त्यांनी आत्मकथनाला नावच दिले 'उचल्या'. शिवी स्वतःच्या हाताने मुखपृष्ठावर लिहिली. अमीर अलीची कबुली आणि 'उचल्या'तली कबुली शेजारी ठेवून वाचावी, असे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. पहिलीत साहेब लिहून घेतो. दुसरीत ज्याच्यावर शिक्का आहे तोच लिहितो, आणि शिक्का मारणाऱ्यालाही साक्षीला उभे करतो.

कायद्यातला कट

राज्यकर्त्याच्या हाती 'कॉन्स्पिरसी' हा शब्द कसा वापरला गेला तेही पाहिले पाहिजे. १९१३ मध्ये भारतीय दंड संहितेत १२०-अ आणि १२०-ब ही कलमे घातली गेली. दोघांनी गुन्हा करायचे ठरवले एवढाच गुन्हा झाला. प्रत्यक्ष कृती घडायलाच हवी असे राहिले नाही. संहिता बदलून २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी हा गुन्हा तिच्या ६१ व्या कलमात कायम आहे. नाशिक कट, काकोरी कट, मीरत कट हे शब्द आपण शाळेत पाठ केले ते सरकारी खटल्यांच्या नावांवरून. अश्फाकउल्ला खान १९ डिसेंबर १९२७ रोजी फैजाबादला फासावर गेले, त्या खटल्याचे नाव काकोरी कट. मीरतच्या खटल्यात मुंबईचे डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर होते आणि शौकत उस्मानीही होते.

मौलाना महमूद हसन यांच्या चळवळीची गोष्ट तर शब्दांच्या दृष्टीने फारच बोलकी आहे. १९१६ मध्ये रेशमी कापडावर लिहिलेली पत्रे इंग्रजांच्या हाती लागली. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात त्याची नोंद कट म्हणून झाली. वृद्ध मौलानांना हिजाजमध्ये पकडून माल्टाच्या बेटावर कैदेत ठेवले. २०१३ मध्ये भारतीय टपाल खात्याने या 'रेशमी रुमाल चळवळी'चे तिकीट काढले. कटाची चळवळ व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. २०२१ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने काकोरीचेही नाव बदलून 'काकोरी ट्रेन अॅक्शन' केले. मराठी पुस्तकांत मात्र अजून 'कट'च आहे. आम्ही तो शब्द बदला असा आग्रह धरत नाही. तो कोणी दिला, एवढे मुलांना सांगावे.

मराठीच्या घरात

इंग्रजीचा हिशेब मांडला, तसा आपल्या मराठीचाही मांडला पाहिजे. दगा, फितुरी, कारस्थान, पेच हे शब्द फारसी-अरबीतून आले. यावरून कपट मराठीत मुसलमानांनी आणले असे सुचवणारे लोक आम्हाला सभांमधून भेटले आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की कपट आणि लबाडी हे शब्द घरचेच होते, आणि इमान, इनाम, वकील, मसलत हेही त्याच वाटेने आले. दुकान एकच होते. तेथून विषही आले आणि औषधही.

'कारस्थान' मूळ फारसीत कर्तबगारीचा, पराक्रमाचा शब्द. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर मुत्सद्द्यांनी जे केले त्याला इतिहासकार 'बारभाईंचे कारस्थान' म्हणतात, आणि त्यात निंदा कमी, वाखाणणी जास्त असते. 'गनीम' म्हणजे शत्रू, लुटारू. मोगल दरबारचे लेखक मराठ्यांना या नावाने हिणवत. मराठीने त्याला 'कावा' जोडला, म्हणजे घोडा गोल फिरवून हुलकावणी देणे, आणि 'गनिमी कावा' हा अभिमानाचा शब्द झाला. दुसऱ्याने दिलेली शिवी पचवून तिचा मान करायची ताकद मराठीत आहे, याचा हा पुरावा.

पण 'गारदी'चे काय? युरोपातल्या 'गार्ड'पासून हा शब्द आला. कवायती पलटणीतला शिपाई तो गारदी. नारायणरावांच्या खुनात सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसाफ होते, आणि त्यांच्या जोडीला तुळाजी पवारही होता. त्यानंतर मराठीत गारदी म्हटले की शनिवारवाड्यातला मारेकरी उभा राहतो. पत्रातल्या 'ध' चा 'मा' झाला अशी आख्यायिका आहे. तसेच या एका शब्दाचेही झाले. कारण त्याआधी बाराच वर्षे, १७६१ मध्ये, पानिपतावर शेवटपर्यंत मराठ्यांच्या बाजूने लढून मरण पत्करणारा इब्राहिमखानही गारदीच होता. शब्द एकच. त्यातला कोणता गारदी आपण आठवतो, ते लिहिणाऱ्यावर आहे.

आपल्या ओठांवरचा शब्द

आता 'कबाल'. हा शब्द शेवटी ठेवला, कारण येथे फिर्यादीच्या जागेवरून उठून आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात यावे लागते.

हिब्रूत 'कब्बाला' म्हणजे मिळालेले ज्ञान, गुरूकडून स्वीकारलेली परंपरा. यहुदी संतांची ती गूढविद्या. लॅटिन आणि फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत गेला आणि त्याचा अर्थ झाला गुप्त कारस्थान करणारे टोळके. दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारात क्लिफर्ड, आर्लिंग्टन, बकिंगहॅम, ॲश्ली आणि लॉडरडेल या पाच मंत्र्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून योगायोगाने हाच शब्द तयार झाला, आणि तो कायमचा चिकटला. पाचही जण ख्रिस्ती होते. खरी गंमत पुढेच आहे. १६७० मध्ये राजाने फ्रान्सच्या राजाशी डोव्हरला गुप्त तह केला, पैशाच्या बदल्यात आपण कॅथलिक झाल्याचे जाहीर करण्याचे वचन दिले. ते कलम पाचांपैकी तिघांना ठाऊकच नव्हते. फसवणारा राजा, फसलेले त्याचेच मंत्री, आणि शब्द मात्र यहुद्यांच्या पोथीतून घेतलेला!

या शब्दाच्या मागे पुढे काय आले ते जगाला ठाऊक आहे. १९०३ मध्ये रशियात 'प्रोटोकॉल्स' नावाचा बनावट दस्तऐवज छापला गेला. यहुदी वडीलधारे साऱ्या जगावर राज्य करण्याचा कट करत आहेत, असे त्यात लिहिले होते. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये फिलिप ग्रेव्ह्ज यांनी दाखवून दिले की त्याचा बराच भाग मोरिस जोली यांच्या १८६४ च्या एका फ्रेंच पुस्तकावरून चोरलेला आहे. ते पुस्तक तिसऱ्या नेपोलियनवरचे उपहासलेखन होते. त्यात यहुद्यांचा संबंधच नव्हता. तरी त्या खोट्या कागदाने युरोपात लाखोंच्या छळाला सरपण पुरवले.

आणि आपण? आपल्या मोहल्ल्यांतल्या भाषणांत, पत्रकांत, कधी कधी आपल्या कथा-कवितांतही 'यहुदी साजिश' हे शब्द किती सहज येतात! फारसीत 'साजिश' म्हणजे जुळवून घेणे, तडजोड. उर्दूत तिचा अर्थ कट झाला, आणि तिच्याआधी आपण एका जमातीचे नाव लावले. पॅलेस्टिनी माणसावर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध बोलावेच. ते बोलणे कृतीच्या कप्प्यातले आहे. तेथे राज्य आहे, फौज आहे, निर्णय घेणाऱ्यांची नावे आहेत. पण त्याऐवजी 'यहुदी साजिश' म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हा टायटस ओट्सने कॅथलिकांना, स्लीमनच्या कायद्याने टोळीतल्या साऱ्यांना, आणि आज काही वर्तमानपत्रे साध्या गुन्ह्याच्या बातमीआधी आपल्या धर्माचा शब्द लावून आपल्याला जे करतात, तेच आपण दुसऱ्याला करतो. ज्याच्या कपाळावर शिक्का बसला आहे, त्याने तरी शिक्का हातात घेऊ नये.

विशेष म्हणजे 'कब्बाला' आणि आपला 'कबूल' हे एकाच सेमिटिक धातूचे शब्द आहेत. काफ, बा, लाम. घेणे, स्वीकारणे. निकाहात तीनदा उच्चारला जाणारा, 'कबुलीजबाब' होऊन कोर्टात बसलेला, प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी असलेला शब्द इंग्रजीतल्या कटवाल्या टोळक्याचा सख्खा चुलत भाऊ आहे. ज्या शब्दाने माणूस माणसाला स्वीकारतो, त्यालाच संशयाचे नाव करून टाकायला भाषेला फारसे कष्ट पडत नाहीत.

त्या मित्राचा अनुवाद आम्ही पुन्हा त्यांच्यासोबत वाचला. 'मारेकरी' ठेवला, कारण तो कृतीचा शब्द आहे आणि त्यात कोणाच्या पंथाचे नाव नाही. 'गुंड'ही ठेवला, त्या पात्रात ठकवण्याची अक्कल नव्हती. 'कारस्थानी टोळके' मात्र आम्ही काढायला लावले, कारण कथेत ते लोक कारस्थान करत आहेत हे अजून सिद्धच झालेले नव्हते; राजवाड्यातले लोक तसे म्हणत होते, एवढेच. मित्राने थोडा विचार करून तेथे 'राजाच्या आतल्या गोटातली पाच माणसे' असे लिहिले. वाक्य लांबले. पण आता ती माणसे मोजता येत होती, आणि त्यांतला दोषी कोण ते ठरवणे वाचकाच्या हाती राहिले होते.